आलेखपेटी : चौथी-पाचवीच्या वर्गात एक सत्र वापरून पाहिल्यानंतर

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी प्राथमिक वर्गांसाठी असलेली एक आलेखपेटी विकत घेतली. किंमत १,४५० रुपये होती आणि शाळेच्या संयुक्त अनुदानातून ती देता येईल असे पक्के बिल दुकानदाराने विनातक्रार करून दिले. पेटी बनवणाऱ्याचे आणि दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही. याच धाटणीच्या पेट्या आणखी काही जण बनवतात आणि मी ज्या बाबी तपासल्या त्या त्यांतल्या कोणत्याही पेटीला लावून पाहता येतील. माझी शाळा मुळशी तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी आहे. चौथी आणि पाचवी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही मिळून २७ मुले आहेत. पुढे जे लिहिले आहे ते या एका खोलीत, जून ते ऑक्टोबर या काळात, आठवड्यातून दोन तासिका पेटी वापरल्यानंतरचे आहे.

पेटीत पांढऱ्या रंगाचा लोखंडी पत्र्याचा एक फळा आहे. त्यावर फिकट रेघांनी चौकटी आखलेल्या असून उभ्या दिशेने बारा आणि आडव्या दिशेने दहा घरे आहेत. त्यासोबत पाच रंगांचे १२० चुंबकी ठोकळे, फळे, वाहने, प्राणी आणि मुले यांच्या चित्रांच्या चकत्या, पुसता येणाऱ्या चार आलेखपट्ट्या, ४० प्रश्नपत्रे आणि शिक्षकांसाठी चोवीस पानांची एक पुस्तिका आहे. ठोकळे जाड आणि गुळगुळीत कडांचे आहेत. पाच महिने हाताळूनही एकाचाही रंग उडालेला नाही. चकत्यांची चुंबके मात्र अशक्त आहेत. फळा भिंतीवर उभा टांगला की त्या हळूहळू खाली घसरतात आणि चित्रालेखातली ओळ तासिका संपेपर्यंत सरळ राहत नाही. आम्ही शेवटी फळा जमिनीवर आडवा ठेवला आणि मुले त्याच्या भोवती बसली. ही बैठक मला इतकी मानवली की चुंबके सुधारली तरी मी ती बदलणार नाही.

या पेटीचे सर्वांत मोठे मोल तिच्या पहिल्या पायरीत आहे. आमच्या मुलांच्या हातातल्या गणिताच्या पुस्तकांत चित्रालेख पाचवीला, स्तंभालेख सहावीला आणि जोडस्तंभालेख सातवीला येतो. पुस्तकात आलेख छापून आलेला असतो, त्यामुळे तो कोणीतरी कशापासून तरी बनवला आहे हे मुलाला दिसत नाही. ते थेट दांडीच्या टोकाकडे पाहून आकडा सांगायला शिकते. पेटीतला ठोकळा मुलाच्या हातात येतो तेव्हा हा क्रम सुलट होतो. पहिल्या दिवशी मी विचारले की शाळेत कोण कसे येते, आणि प्रत्येकाने आपापला एक ठोकळा आणून लावला. पायी येणाऱ्यांची दांडी बारा घरांपर्यंत गेली आणि फळा संपला, तरी पायी येणारी पाच मुले हातात ठोकळा घेऊन उभीच होती. आता यांचे काय करायचे, हा प्रश्न मुलांनीच विचारला. एक ठोकळा म्हणजे एक मूल हे प्रमाण सोडून एक ठोकळा म्हणजे दोन मुले असे प्रमाण का घ्यावे लागते, हे समजावण्यासाठी मला एरवी दोन तासिका लागल्या असत्या. या फळ्याला वर जागाच उरली नाही म्हणून ते दहा मिनिटांत झाले. सतरा मुलांना साडेआठ ठोकळे लागणार होते, त्यामुळे अर्ध्या ठोकळ्याची अडचणही त्याच दिवशी समोर आली. फळ्यावर बाराच घरे ठेवण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याने तो विचारपूर्वक घेतला असावा, असे मला मनापासून वाटते.

चित्रांच्या चकत्यांमध्ये अर्ध्या चकत्याही दिल्या आहेत, आणि ही बाब मी मुद्दाम नोंदवते. एक चित्र म्हणजे दहा मुले असे प्रमाण घेतले तर अर्धे चित्र म्हणजे पाच, हे मोठ्यांना उघड वाटते. आमच्या वर्गात मात्र अर्ध्या चित्राचे उत्तर अनेकांनी ‘अर्धा’ असेच दिले. चौथीतल्या एका मुलाने तर अर्धे मूल असूच शकत नाही म्हणून ती चकती उचलून बाजूला ठेवली. त्याचे म्हणणे त्याच्या जागी अगदी बरोबर होते. चकतीला चित्र न म्हणता ‘दहाची नोट’ म्हणायचे ठरल्यावर गाडे पुढे सरकले. पुस्तिकेत या अडचणीचा उल्लेखसुद्धा नाही.

पुस्तिकेकडे आणि प्रश्नपत्रांकडे वळले की माझे समाधान बरेच कमी होते. मुलांना आलेख वाचायला शिकवणे म्हणजे नेमके काय, याचे तीन थर फ्रान्सिस कर्सिओ या अमेरिकी गणितशिक्षण-अभ्यासिकेने १९८७ साली मांडले आणि जगभरचे शिक्षक ते आजही वापरतात. पहिल्या थरात आलेखात जे लिहिले आहे ते वाचायचे असते, जसे की मंगळवारी किती मुले आली. दुसऱ्या थरात दोन दांड्यांची तुलना करायची, त्यांच्यातला फरक काढायचा, बेरीज करायची. तिसऱ्या थरात आलेखाच्या पलीकडे पाहायचे, म्हणजे पुढच्या आठवड्यात काय होईल, असे का झाले असेल, हा आलेख काय सांगू शकत नाही असे प्रश्न विचारायचे. मी चाळीसही प्रश्नपत्रे जमिनीवर मांडून या तीन थरांत वाटली. तेवीस पहिल्या थरात गेली, पंधरा दुसऱ्यात आणि फक्त दोन तिसऱ्यात. सर्वांत जास्त कोणते आणि सर्वांत कमी कोणते, हे दोन प्रश्न तर इतक्या पत्रांवर आहेत की तिसऱ्या आठवड्यात मुले पत्र पूर्ण न वाचताच सर्वांत उंच दांडीवर बोट ठेवू लागली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी एवढाच हेतू असेल तर हे चालून जाईल. मुलाने आलेखाशी बोलावे, असे वाटत असेल तर प्रश्न शिक्षकालाच तयार करावे लागतील.

पत्रांवरची माहितीही आमच्या मुलांच्या जगातली नाही. आवडता खेळ म्हणून बेसबॉल आणि आइस हॉकी, आवडता पदार्थ म्हणून पिझ्झा आणि पॅनकेक आणि एका पत्रावर बर्फ पडलेल्या दिवसांची संख्या दिली आहे. ज्या मूळ संचावरून ही पत्रे उचलली त्यातली भाषा तेवढी बदलली आणि बाकी सारे तसेच राहू दिले, हे उघड दिसते. अनोळखी शब्द आला की मूल आकड्यांचा विचार सोडून शब्दात अडकते, आणि माहितीत काही खटकले तरी ते त्याला ओळखता येत नाही. खो-खोपेक्षा आइस हॉकी जास्त मुलांना आवडते असे लिहिले असेल, तर त्यावर शंका घ्यायला मुलाजवळ काय असते? भाषेतही एकवाक्यता नाही. पुस्तिकेत कुठे ‘स्तंभ’, कुठे ‘बार’ आणि कुठे ‘पट्टी’ असे तीन शब्द एकाच वस्तूसाठी आले आहेत, तर मुलांच्या पाठ्यपुस्तकात सर्वत्र ‘स्तंभ’ आहे. आमची मुले स्वतःहून ‘दांडी’ म्हणतात आणि मी ते चालू दिले आहे. छापील साहित्याने मात्र पाठ्यपुस्तकाशी जुळते राहायला हवे.

दोन पत्रे मी वापरातून काढूनच टाकली होती, नंतर त्यांतले एक वेगळ्या कामासाठी परत आणले. पहिल्यावरचे स्तंभ त्रिमिती, म्हणजे खोक्यासारखे जाड काढले आहेत. उंची खोक्याच्या पुढच्या कडेवरून वाचायची की मागच्या, हे मोठ्या माणसालाही ठरवता येत नाही. दुसऱ्या पत्रावर चार शाळांच्या आवारातली झाडे अनुक्रमे ४८, ५२, ४५ आणि ५० अशी दाखवली आहेत, पण उभा अक्ष शून्याऐवजी ४० पासून सुरू होतो आणि तसे कुठेही सांगितलेले नाही. त्यामुळे ५२ झाडांचा स्तंभ बारा एकक उंच आणि ४५ झाडांचा पाच एकक उंच दिसतो. दुसऱ्या शाळेत तिसऱ्या शाळेच्या दुपटीहून जास्त झाडे आहेत, असे उत्तर वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी दिले. मी कागदाच्या पट्ट्या कापायला दिल्या, एका झाडाला एक सेंटिमीटर. ५२ सेंटिमीटरची आणि ४५ सेंटिमीटरची पट्टी भिंतीवर शेजारी-शेजारी चिकटवली, तेव्हा वर्ग काही क्षण गप्प झाला. नंतर पाचवीतली एक मुलगी उठली, तिने प्रश्नपत्र पट्ट्यांच्या वरच्या टोकाशी धरले आणि म्हणाली, “बाई, यांनी फक्त शेंडे दाखवले आहेत.” चुकीने छापलेल्या पत्रातून एवढे चांगले वाक्य मिळाले याचा मला आनंद आहे, पण ज्या शिक्षकाच्या नजरेतून ही बाब निसटेल त्याच्या वर्गात मुले चुकीचे उत्तर बरोबर समजून घरी जातील. लहान मुलांच्या स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, याबाबत उत्पादकाने कोणतीही सवलत घेऊ नये.

जुलैपासून आम्ही छापील पत्रे बाजूला ठेवली आणि स्वतःची माहिती फळ्यावर मांडू लागलो. आमच्याकडे पावसाची कमतरता नाही. सरळ बाजूंची एक प्लास्टिकची बाटली कापली, तिचा वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला, तळाच्या उंचवट्यावर खडे आणि पाणी भरून शून्याची रेघ ठरवली आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचे जे कार्यालय आहे, ज्याला जुने पुणेकर अजूनही शिमला ऑफिस म्हणतात, तेथे आणि देशभरच्या वेधशाळांत सकाळी साडेआठ वाजता आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजून नोंदवला जातो, हे मी मुलांना सांगितले होते. आमचे मोजमाप शाळा भरल्यावर होत असे. एक ठोकळा म्हणजे दहा मिलिमीटर हे प्रमाण मुलांनी ठरवले.

पहिल्या पूर्ण आठवड्यात सोमवार ते शनिवार असे सहा स्तंभ उभे राहिले, रविवारचे घर रिकामे राहिले आणि पुढच्या सोमवारी बाटलीत १०४ मिलिमीटर पाणी निघाले. दहा ठोकळ्यांचा तो स्तंभ सगळ्यांत उंच झाला आणि सोमवारी सगळ्यांत जास्त पाऊस पडला, असे सर्वांनी एका सुरात सांगितले. मी पुढे काही न बोलता फळा तसाच ठेवला. थोड्या वेळाने चौथीतल्या एका मुलीने रिकाम्या घरावर बोट ठेवून विचारले, “बाई, रविवारी पाऊस पडलाच नाही का?” दुसरा म्हणाला की पडला होता, त्यांच्या पडवीत पाणी आले होते. मग आलेखात का नाही? कारण शाळा बंद होती, कोणी मोजला नाही. मग रविवारचा पाऊस गेला कुठे? हा प्रश्न आला तेव्हा खोलीतली दहा-बारा मुले बाटलीकडे बघू लागली. बाटली तर शनिवारपासून कोणी ओतलीच नव्हती. सोमवारच्या दांडीत रविवारही बसला होता.

यानंतरची चर्चा पुढचे दोन दिवस चालली. एकाने १०४ चे दोन समान भाग करून रविवारी आणि सोमवारी प्रत्येकी ५२ दाखवावे असे सुचवले. त्याच्या शेजारच्या मुलाने आक्षेप घेतला की इतका सारखा पाऊस दोन दिवस पडला होता हे आपल्याला कोणी सांगितले. शनिवारी सकाळची शाळा असल्यामुळे त्या दिवशीचे मोजमापही लवकर होते आणि म्हणून शनिवारची दांडी थोडी अपुरीच असते, हे एकीच्या लक्षात आले. शून्य पाऊस आणि न मोजलेला पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आलेखात त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत, असे मुलांनी ठरवले. पेटीतले पाच रंग लाल, हिरवा, पिवळा, निळा आणि केशरी आहेत. यांपैकी कोणताही ठोकळा लावला तरी तो पाऊसच वाटे. शेवटी जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या राखाडी पुठ्ठ्याचे चौकोन कापले आणि त्यांवर ‘मोजले नाही’ असे लिहून ते रविवारच्या घरात ठेवायला सुरुवात केली. माहिती कशी गोळा झाली हे विचारल्याशिवाय आलेख वाचायचा नसतो, हे मला या वयाच्या मुलांना शिकवायचे होते. पेटीच्या चोवीस पानी पुस्तिकेत यावर एक ओळही नाही, ही तिची माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव आहे.

याच महिन्यात आम्ही हजेरीचाही आलेख ठेवला होता. एका आठवड्यात हजेरी २६, २५, १७, १६, १८ आणि २४ अशी राहिली. मधली तीन घरे का खचली, असे विचारताच उत्तर लगेच आले : आवणी. भाताची लावणी सुरू झाली की मोठी भावंडे शेतावर जातात आणि धाकट्यांना सांभाळायला घरी कोणीतरी थांबते. मी विचारले की हे आलेखात कुठे लिहिले आहे. बराच वेळ शोधल्यावर मुले म्हणाली की आलेखात नाही, आम्हाला माहीत आहे. मग दुसऱ्या गावातल्या मुलाने हा आलेख पाहिला तर तो काय म्हणेल? कोणी म्हणाले, साथ आली असेल. कोणी म्हणाले, जत्रा असेल. आलेखाने सांगितलेले आणि आपण त्यात घातलेले, यांतला भेद दहा वर्षांच्या मुलाला कळू शकतो. त्यासाठी माहिती त्याच्या गावची असावी लागते. आइस हॉकीच्या पत्रावर हा संवाद झाला नसता.

आणखी एक लहान तक्रार आहे. पाऊस आणि हजेरी या काळानुसार बदलणाऱ्या गोष्टी, तर आवडते फळ किंवा वाहन हे सुटे प्रकार. दोन्हींसाठी पुस्तिका सरसकट स्तंभच वापरते आणि त्यामागचे कारण देत नाही. स्तंभालेखाच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडचा इतर देशांशी चालणारा व्यापार वर्षांनुसार रेषांनी दाखवला. स्कॉटलंडबद्दल मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाची आकडेवारी होती, म्हणून त्याने सतरा ठिकाणांशी चालणारी आयात-निर्यात आडव्या स्तंभांनी मांडली. काळाची साखळी हाताशी नव्हती म्हणून स्तंभ आले, ही गोष्ट मी पाचवीला सांगितली आणि मुलांना ती आवडली. पुस्तिकेत अशी अर्ध्या पानाची जागा सहज निघाली असती.

ठोकळ्यांची मर्यादाही सांगायला हवी. १०४ मिलिमीटरमधले चार मिलिमीटर फळ्यावर कधीच दिसत नाहीत, कारण ठोकळा तोडता येत नाही. सुरुवातीला मला हा दोष वाटला. सप्टेंबरमध्ये मात्र मुलांनीच आलेख कागदाची मागणी केली आणि त्यावर लहान घरे मोजून १०४ नेमके दाखवले, तेव्हा ठोकळ्यांचे काम तेथे संपले आणि कागदाचे सुरू झाले, असे मी मानले. पुसता येणाऱ्या पट्ट्या या दोहोंच्या मधल्या पायरीसाठी चांगल्या आहेत, पण त्यांच्यासोबतचे मार्कर दोन आठवड्यांत सुकले. हिरव्या-लाल ठोकळ्यांतला फरक एका मुलाला स्पष्ट दिसत नाही असे लक्षात आल्यावर आम्ही लाल ठोकळ्यांवर काळ्या शाईने ठिपका काढला. रंगांसोबत एखादी खूण मुळातच छापलेली असती तर बरे झाले असते.

ज्या शाळेला १,४५० रुपये काढणे जड जाईल, त्यांच्यासाठी सांगते की पहिली पायरी रिकाम्या काडेपेट्यांनीही होते. प्रत्येक मुलाने आपल्या काडेपेटीवर नाव लिहून ती योग्य रांगेत रचायची. सगळ्या काडेपेट्या एकाच मापाच्या असाव्यात, एवढे एक पथ्य पाळावे, नाहीतर मोठ्या पेट्यांची रांग कमी मुले असूनही उंच दिसते. हेही एकदा मुद्दाम करून दाखवण्यासारखे आहे. पेटीतला फळा आणि ठोकळे टिकाऊ आहेत आणि बहुवर्ग शाळेत ते अनेक वर्षे पुरतील, म्हणून अनुदान असेल तर मी ही पेटी घ्यावी असेच सांगेन. घेताना मात्र प्रश्नपत्रे नाहीतच असे धरून चालावे आणि आपल्या गावचा पाऊस, पोषण आहाराची नोंदवही, बाजारातले भाव, दुधाच्या डेअरीतले लिटर यांतून स्वतःचे प्रश्न लिहावेत. पालकांनी एकट्या मुलासाठी घरी घेण्याची ही वस्तू नाही. चार ठोकळ्यांवरून वाद घालायला समोर दुसरी मुले नसतील तर तिच्यातला जीव निघून जातो.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मुलांनी उत्पादकाला एक पत्र लिहिले आणि मी ते दुकानदाराच्या हाती दिले. त्यात दोन मागण्या आहेत. झाडांच्या पत्रावरचा अक्ष शून्यापासून छापावा आणि पाच रंगांत सहावा राखाडी रंग घालावा, ज्याचा अर्थ ‘मोजले नाही’ असा असेल. पत्राखाली २४ मुलांच्या सह्या आहेत आणि तीन मुले त्या दिवशी गैरहजर होती, हेही मुलांनी तळाशी लिहिले आहे.